मदत हवी आहे: मेलिंगचं काम बाहेर दिलंय, पुरवठादाराशी नीट कसं जमवावं? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या एका रुग्णसेवा संस्थेचं ऑफिस मी सांभाळते. दरवर्षी आम्ही देणगीदारांना टपालाने पत्र, ८०जी चं (देणगीवरच्या करसवलतीचं) प्रमाणपत्र आणि वर्षभराच्या कामाचं पत्रक पाठवतो. अडीच हजारांच्या आसपास पाकिटं असतात. छपाईपासून पोस्टात नेऊन देईपर्यंत सगळं काम एकाच पुरवठादाराकडे आहे.

माणसं चांगली आहेत, छपाई सुबक, दरही वाजवी. पण छपाई झाली की पुढचं सगळं विस्कटतं. यंदा सिन्नरच्या एका आजींच्या पाकिटात भलत्याच देणगीदाराचं प्रमाणपत्र गेलं, पॅन नंबर आणि रकमेसकट. मग कळलं की प्रमाणपत्रं एका गठ्ठ्यात आणि पत्त्यांची लेबलं वेगळ्या रोलवर होती. एक प्रमाणपत्र घडीच्या मशीनमध्ये अडकलं म्हणून कुणीतरी बाजूला काढलं. तिथून बंडल संपेपर्यंत प्रत्येक पाकिटात पुढच्या माणसाचा कागद! विश्वासाने पैसे देणाऱ्यांची माहिती अशी परक्याच्या हातात पडलेली मला बिलकुल चालणार नाही.

दुसरा त्रास यादीचा. आमची जुनी यादी श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर ती उघडली की अक्षरांचा नुसता काला होतो. मग तिथला मुलगा आम्हाला न विचारताच नावं हाताने टाइप करतो. त्यात देवळाली कॅम्पच्या पत्त्यांवर ४२२४०१ ऐवजी नाशिकरोडचा ४२२१०१ पडला.

पुरवठादार बदलायची इच्छा नाही. हेच काम नीट कसं बसवावं? करारात काय लिहून घ्यावं? कुणी अशी कामं करवून घेत असाल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
ताई, लेबलं बंदच करा आणि विंडो पाकिटं घ्या. पत्ता प्रमाणपत्रावरच छापायचा, तोच खिडकीतून दिसतो. मग अदलाबदलीचा प्रश्नच उरत नाही. पत्रावरही नाव असेल तर पत्र आणि प्रमाणपत्र दोन्हींच्या कोपऱ्यात एकच अनुक्रमांक छापायला सांगा, म्हणजे भरणाऱ्याला नजरेनेच जोडी जुळवता येते. अडकलेला कागद पुन्हा छापून त्याच जागी घातल्याशिवाय बंडल पुढे सरकवायचं नाही, हे जॉब ऑर्डरवरच लिहा.

यादी मात्र तुम्हीच युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठीत) करून द्या. ते काम त्यांच्या गळ्यात टाकू नका. आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मागताना पहिली दहा नावं बघून सही करू नका. मधली, शेवटची, लांबलचक पत्त्यांची बघा.

प्रतिसाद २
वजनाकडेही लक्ष असू द्या. साध्या पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक ए४ कागद ५ ग्रॅम भरतो. पत्र, प्रमाणपत्र आणि पाकीट मिळून साधारण १५ होतात. त्यात १३० जीएसएम आर्ट पेपरचं ए४ पत्रक घातलं की आणखी ८, म्हणजे पुढच्या टप्प्याचा टपालदर. छपाईआधी कोऱ्या कागदांचं डमी पाकीट बनवून वजन करा.

करार तोंडी नकोच. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अशी माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेताना वैध करार हवा असं म्हटलंय. काम झाल्यावर यादी पुसायची, पुढे कुणाला द्यायची नाही, हे त्यात घाला. पोस्टात भरणा झाल्याची पावती जोडल्याशिवाय बिल पास करू नका. यादीत तुमच्या दोन-चार लोकांचे पत्तेही टाकून ठेवा: एक पंचवटीत, एक मालेगावला, एक पुण्याला. कुठे कधी पोचलं ते त्यांच्याकडून कळतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. डमीचं वजन तर उद्याच करते. विंडो पाकिटांबद्दल एक विचारायचं होतं: घडी मिलीमीटरभर सरकली तर पिनकोड खिडकीच्या बाहेर जातो का? त्यासाठी पत्त्याभोवती किती जागा सोडता?

प्रतिसाद १
जातो. म्हणून पिनकोड शेवटच्या ओळीत एकटा ठेवायचा नाही, गावाच्या नावापुढे घ्यायचा. चारही बाजूंनी निदान ५ मिमी मोकळे सोडा आणि भरलेलं पाकीट टेबलावर आपटून बघा. कागद आत घसरूनही सगळा पत्ता दिसला तरच घडी पास करा.