टायटॅनिकच्या लोकांना उचलणाऱ्या कार्पेथियाच्या कॅप्टनचं पुढे काय झालं?

नांगर_वर
टायटॅनिक म्हटलं की कॅप्टन स्मिथ सगळ्यांना माहीत, पण ज्याने त्या 705 का 712 लोकांना लाईफबोटींतून उचललं त्या आर्थर रॉस्ट्रनबद्दल मराठीत काहीच सापडेना. एवढंच वाचलंय की कार्पेथियाची स्पीड 14 नॉट (म्हणजे तासाला 14 सागरी मैल) आणि ह्याने त्या रात्री 17 च्या वर पळवलं. हे खरंच शक्य आहे का? आणि नंतर माणसाचं काय झालं, प्रमोशन वगैरे मिळालं की एका रात्रीपुरताच हिरो? जहाजावर काम केलेले कोणी असतील तर सांगा प्लीज.

डेकवाला
एका रात्रीचा हिरो अजिबात नाही. जन्म 1869, लँकशायरमधल्या बोल्टनजवळचा. तेराव्या वर्षी कॉनवे नावाच्या ट्रेनिंग शिपवर गेला, मग शिडाच्या जहाजांवर घासला आणि 1895 मध्ये क्युनार्ड ह्या जहाज कंपनीत चौथा ऑफिसर म्हणून लागला. 1907 मध्ये लुसिटानिया ह्या मोठ्या प्रवासी जहाजावर फर्स्ट ऑफिसर म्हणून नेमला होता पण पहिल्या सफरीच्या आदल्या दिवशी कंपनीने त्याला उचलून एका छोट्या जहाजाचा कॅप्टन केलं. कार्पेथिया त्याच्याकडे आली जानेवारी 1912 मध्ये, म्हणजे टायटॅनिकच्या वेळी त्याला तिथे जेमतेम तीन महिने झाले होते.
दारू नाही, सिगरेट नाही, शिवी नाही. आणि काम इतकं झटपट की बरोबरचे लोक त्याला 'विजेची ठिणगी' म्हणायचे. अशा कॅप्टनबरोबर मी सेल केलंय, आदर वाटतो पण जेवायला शेजारी बसू नये 😄

आता ती रात्र. वायरलेसवाला कॉटम झोपायच्या तयारीत होता, तरी हेडफोन कानावर होता म्हणून मेसेज मिळाला. तो आणि फर्स्ट ऑफिसर दार न ठोकताच कॅप्टनच्या केबिनमध्ये घुसले. रॉस्ट्रनने आधी जहाज वळवायची ऑर्डर दिली आणि मग कॉटमला विचारलं की तुला नक्की खात्री आहे ना. हा क्रम बघा. आपण आधी चार वेळा खात्री करत बसलो असतो.

बॉयलरसूट
स्पीडबद्दल मी बोलतो कारण हे 17 नॉट दरवेळी खपवलं जातं. जास्तीचे कोळसेवाले उठवले, प्रवाशांचं हीटिंग आणि गरम पाणी बंद करून सगळी वाफ इंजिनाकडे वळवली, हे सगळं खरं. पण जुन्या रेसिप्रोकेटिंग (दट्ट्यावर चालणाऱ्या) वाफेच्या इंजिनाची स्पीड अशी तीन नॉटने वाढत नाही हो, वरच्या टोकाला एकेक नॉटसाठी ताकद किती जास्त लागते ते इंजिन रूममध्ये उभं राहिलेल्याला विचारा.
मग आकडा आला कुठून? टायटॅनिकने कळवलेल्या जागेपर्यंत अंतर होतं 58 सागरी मैल, आणि कार्पेथिया साडेतीन तासांत पहाटे चारच्या सुमाराला पोचली. भागाकार केला की सतरा येतात. घोळ असा की टायटॅनिकने कळवलेली जागाच चुकीची होती. 1985 मध्ये सांगाडा सापडला तो त्या जागेपासून सुमारे 13 सागरी मैल पूर्वेला, आणि लाईफबोटी कार्पेथियाच्या वाटेतच लागल्या. म्हणजे खरं अंतर पन्नासच्या आतबाहेर, आता करा भागाकार. चौदाच्या आसपास, फार तर थोडं वर. रॉस्ट्रन खोटं बोलला असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे जो आकडा होता त्यावरून त्याचा हिशोब बरोबरच होता.

पल्लवी_कोकण
मला एक खटकतं. रात्री बर्फात फुल स्पीडने जहाज हाकलं म्हणून स्मिथला सगळे शिव्या घालतात आणि ह्याने तेच केलं तर शाबासकी? ह्याच्याही जहाजावर सातशेच्या वर प्रवासी झोपलेले होते ना. एखादा हिमनग लागला असता तर?

डेकवाला
पल्लवीताई प्रश्न रास्त आहे, आणि रिस्क घेतलीच होती. पण ह्याला बर्फ कुठे आहे ते माहीत होतं आणि त्याने तशी माणसं लावली. क्रोज नेस्टमध्ये (डोलकाठीवरची टेहळणीची जागा) जास्तीचा माणूस, अगदी पुढे नाळेवर लुकआउट, ब्रिजच्या (जिथून जहाज चालवतात त्या जागेच्या) कडेला सेकंड ऑफिसर बिसेट. वाटेत हिमनग चुकवत चुकवत गेले. एकाच्या अंगावर ताऱ्याचा उजेड चमकला म्हणून तो दिसला म्हणतात. उजाडल्यावर मोठे हिमनग मोजायला लावले तर पंचवीसेक निघाले. नंतर रॉस्ट्रन स्वतःच म्हणायचा की त्या रात्री सुकाणूवर माझ्याशिवाय आणखी कुणाचा तरी हात होता.

आणि माझ्या मते खरं कौतुक स्पीडचं नाहीच, त्या साडेतीन तासांतल्या तयारीचं आहे. जहाजावर तीन डॉक्टर होते, इंग्लिश, इटालियन आणि हंगेरियन. तिघांना तीन वेगळ्या डायनिंग रूम वाटून दिल्या. बाजूचे दरवाजे उघडून तिथे दिवे टांगले, शिड्या सोडल्या, ज्यांना चढता येणार नाही त्यांच्यासाठी खुर्चीचे झोके, लहान पोरांना वर ओढायला कॅनव्हासच्या पिशव्या. समुद्र खवळला तर लाटा दबाव्यात म्हणून संडासातून तेल ओतायची तयारीसुद्धा! प्रत्येक कॉरिडॉरमध्ये स्टुअर्ड उभा, म्हणजे झोपेतून उठून बाहेर आलेल्या स्वतःच्या प्रवाशांना परत खोलीत पाठवायचं. आजची इमर्जन्सी चेकलिस्ट काढून बघा, फार काही वेगळं नसतं.
वाईट ह्याचं वाटतं की पावणेतीनच्या सुमाराला लांब हिरवा उजेड दिसला तेव्हा त्याला वाटलं टायटॅनिक अजून तरंगतंय. तो लाईफबोटीतला फ्लेअर (इशाऱ्याचा दिवा) होता. जहाज 2.20 लाच गेलं होतं.

बातमीदार_नाना
प्रेसवाल्यांशी मात्र साहेब फार कडक. न्यूयॉर्कला परतताना वायरलेस वाचलेल्यांची नावं आणि निरोप पाठवायलाच वापरायचा, बातम्या बंद. नेमका कार्लोस हर्ड नावाचा पत्रकार बायकोबरोबर सुट्टीवर त्याच जहाजात! त्याला कागद मिळू देत नव्हते तरी पठ्ठ्याने लोकांशी बोलून मिळेल त्यावर लिहून काढलं. बंदराजवळ पोचल्यावर मजकुराचं पुडकं सिगारच्या डब्याला बांधून, तरंगायला शँपेनची बुचं लावून, पेपरच्या टगबोटीकडे फेकलं. आमच्या धंद्यात ह्याला स्कूप म्हणतात, कॅप्टनला काय वाटलं असेल ते सोडा.

नांगर_वर
भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. पण नंतरचं राहिलंच की!

डेकवाला
हो. अमेरिकन काँग्रेसचं गोल्ड मेडल मिळालं, वाचलेल्या प्रवाशांनी चांदीचा कप दिला. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईच्या वेळी सैनिक आणि जखमी वाहून नेले, मग बरीच वर्षं मॉरिटानियाचा कॅप्टन, म्हणजे तेव्हाचं अटलांटिकवरचं सगळ्यात वेगवान प्रवासी जहाज. 1926 मध्ये सर झाला, 1928 मध्ये क्युनार्डचा कमोडोर (कंपनीचा सगळ्यात वरिष्ठ कॅप्टन), 1931 ला रिटायर. 1940 मध्ये न्यूमोनियाने गेला. कार्पेथियाला त्याच्या आधीच, जुलै 1918 मध्ये जर्मन पाणबुडीने आयर्लंडजवळ बुडवलं होतं, तेव्हा तो तिच्यावर नव्हता.
आणि तो ब्रिजवर उभा असलेला सेकंड ऑफिसर बिसेट, तोही पुढे क्युनार्डचा कमोडोर झाला.

बॉयलरसूट
आणि 1907 मध्ये कँपेनिया जहाजावर असताना साहेबांनी समुद्री राक्षस बघितल्याचं स्वतः लिहून ठेवलंय ते सांगितलंच नाही 😂 दारू न पिणारा माणूस आहे, आता काय समजायचं ते समजा.