युरोपची बॅग: तुम्ही काय नेलंत, कशी तयारी केलीत?

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली करायचा बेत आहे. टूर कंपनी नाही, आपलं आपण. घरात सध्या दोन तट पडलेत. आईच्या यादीत मेतकुटापासून छोट्या कुकरपर्यंत सगळं आहे, आणि बाबांचं म्हणणं, "चार शर्ट आणि पासपोर्ट, बास." नेटवर याद्या ढिगाने मिळतात, पण त्या वाचून आमचं भांडण काही मिटत नाही. जाऊन आलेल्यांनी आपापला अनुभव लिहा. व्हिसा, औषधं, चपला, लोणचं, काहीही चालेल. शाकाहारी, गुडघेवाले आणि लेकुरवाळे यांनी तर नक्की लिहा.

ठाणे, नवरा-बायको, सगळा प्रवास रेल्वेने

बॅगेबद्दल माझं एकच म्हणणं आहे. जी बॅग स्वतः उचलून दोन जिने चढता येते, तेवढीच न्यायची. "चाकं आहेत ना" हा युक्तिवाद व्हेनिसला संपतो. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. टॅक्सी नाही, बस नाही. एक तर वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बस, नाहीतर पाय. हॉटेल पलीकडच्या काठाला असेल तर शेजारचा स्काल्झी पूल ओलांडायचा, आणि त्या पुलाला दोन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या.

आमच्यापुढे एक आपल्याकडचंच कुटुंब होतं. चार भल्यामोठ्या बॅगा. काकू खाली तीन बॅगांजवळ उभ्या, काका एकेक बॅग पोटाशी धरून वर नेतायत, आणि वर नेलेल्या बॅगेजवळ कोणीच नाही म्हणून काकूंचा जीव टांगणीला. तेवढ्यात एक माणूस आला, न विचारता बॅग उचलली, पूल उतरवून दिली आणि मग हात पुढे केला. पैसे दिल्याशिवाय हलेना.

पॅरिसच्या मेट्रोतही तेच. बऱ्याच स्टेशनांना लिफ्ट नाही. जुन्या हॉटेलांच्या लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावली तर नशीब. रोमच्या फरसबंदी गल्ल्यांत छोटी चाकं निखळतात, ती वेगळीच गंमत. आम्ही दोघांनी एकेक मध्यम बॅग आणि पाठीवर सॅक एवढंच नेलं. कपडे मोजके, मध्येच एकदा लाँड्रोमॅटमध्ये नाणी टाकून धुतले. फोटोत रोज तोच कुर्ता दिसतो, दिसू दे.

पुणे, मुलाच्या खर्चाने गेलेले निवृत्त

मी व्हिसाच्या फाइलबद्दल लिहितो, कारण बॅग आदल्या रात्री भरता येते, फाइल नाही.

या तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. त्याचा अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. नियम सोपा आहे: जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे. सगळीकडे मुक्काम सारखा असेल तर जिथे पहिलं पाऊल, त्या देशाकडे. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निघण्याच्या किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर थांबू नका, निर्णयाला ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळणंच मुश्किल असतं. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचं पत्र, त्याची बँक स्टेटमेंट्स, त्याचे इन्कम टॅक्स रिटर्न. आणि अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती पहिल्यांदा डोळ्यात भरते.

आमच्या हिच्या पासपोर्टवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं. लग्नाचा दाखला आणि दोन ओळींचा खुलासा जोडला, कोणी प्रश्न विचारला नाही.

आता विमानतळावर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. ऑक्टोबर २०२५ पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. म्हणून पहिल्या विमानतळावर पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

नाशिक, सासू-सासऱ्यांबरोबर, घरात कांदा-लसूणही कमी

ठाण्याच्या ताईंचं बॅगेबाबत पटलं, पण सासूबाईंबरोबर प्रवास असेल तर अर्धी बॅग खाऊची होणारच, ते धरून चाला.

आम्ही स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट्स घेतली. त्यामुळे तांदूळ, डाळ काही नेलं नाही. बासमती, दही, छोले, टोमॅटो, बटाटे तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. न्यायचं ते फक्त जे तिथे मिळत नाही: मेतकूट, दाण्याची चटणी, गोडा मसाला, हिंग, थोडी भाजणी, कोरडा उपमा भाजून. गरम भात, मेतकूट आणि तिथलं बटर. सासरे म्हणाले, "हे तर घरच्यापेक्षा बरं लागतंय," आणि सासूबाईंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की विचारू नका.

लोणचं चेक-इनच्या बॅगेत, तेही तेल निथळून, दोन पिशव्यांत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे खोबरं पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं, आणि आपल्याच विमानतळावर बॅग उघडायला लावतात.

बाहेर खाताना "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मासे चालतात का, असा प्रश्न येतो. आम्ही प्रत्येक भाषेत "मांस नाही, मासे नाही, अंडं नाही" असं एका कागदावर लिहून घेतलं होतं. तो कागद फोनपेक्षा जास्त वापरला.

श्टुटगार्ट, इथेच राहते

नाशिकच्या ताईंच्या यादीला पुस्ती. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभतं आणि मांस आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड, पनीर, सगळं. माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा "एवढंसं तर आहे" म्हणतो. एवढंसंही चालत नाही, धरलं तर काढून घेतात. लोणी इथे उत्तम मिळतं, अर्ध्या तासात तूप कढवून होतं. बाकरवडी, चकली, चिवडा खुशाल आणा. (आणाच.)

ताजी फळं आणि पानं रोपांच्या आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. त्यामुळे हापूस नाही, कढीपत्ता नाही. सूट आहे ती केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन (एक उग्र वासाचं फळ) यांना. ड्युरियन कोण आणणार, ते जाऊ दे.

आणखी एक. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी उतरणार असाल तर दुसऱ्या दिवसाचं खाणं जवळ ठेवा. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी मिळतात.

कोल्हापूर, मधुमेह आणि बीपी दोन्ही

गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. डबीत काढून नेलेल्या गोळ्या कशाच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, त्यावर ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव हवं. क्रोसिन तिथे कोणी ओळखत नाही, पॅरासिटामॉल ओळखतात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलसारखं तिथे काही चालत नाही. कोडीन (अफूच्या वर्गातलं द्रव्य) असलेलं खोकल्याचं औषध टाळलेलं बरं.

इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. खालच्या सामानात ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर काय करणार? औषधी द्रवाला शंभर मिलिलिटरची मर्यादा नसते, पण तपासणीला आधीच बाहेर काढून दाखवायचं.

मुंबई, थोडक्यात

आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना बहुतेक ठिकाणी थेट बसतात, व्होल्टेजही आपल्यासारखंच. घोळ स्वित्झर्लंडमध्ये. तिथलं सॉकेट खोलगट षटकोनी, जाडजूड चौकोनी अ‍ॅडॉप्टर त्यात शिरतच नाही. पॉवर बँक हातातच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक आहे हे लक्षात असू द्या. कार्डाच्या मशिनने "रुपयांत की युरोत?" विचारलं तर युरो. रुपये दाबलेत की वाईट दर माथी बसतो.

नागपूर, मे महिन्यातच गेलो होतो

घरून निघालो तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकलेला. स्वित्झर्लंडमधलं बर्फाळ युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर, तिथे मे महिन्यातही पाणी गोठतं. पण म्हणून एक अगडबंब जॅकेट घेऊ नका. आतून थर्मल, मग पातळ फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं जाकीट, एवढं पुरतं, आणि पॅरिसला ऊन पडलं की एकेक काढता येतं. जून-जुलैत जाणाऱ्यांनी उलट काळजी घ्यावी. पॅरिसमध्ये २०१९ च्या जुलैत ४२.६ अंश नोंदले गेलेत आणि एसी सगळ्या हॉटेलांत नसतो. आम्ही नागपूरकर हसतो, पण बिनापंख्याच्या खोलीत हसू येत नाही.

वर पोचल्यावर बर्फात पळापळ करू नका. हवा विरळ असते, ज्येष्ठांना गरगरतं. बर्फावरून येणाऱ्या उन्हाने डोळे दिपतात, गॉगल हवाच. नवे बूट निघण्याआधी महिनाभर रोज घालून फिरा. आणि रोमला सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी सॅकमध्ये असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आईने तूप यादीतून काढलं, कुकर काढायला तयार नाही. आणखी एक नाजूक प्रश्न, बाथरूमचं काय?

नाशिक

कुकर नको. हॉटेलच्या खोलीत शिजवायला मनाई असते, अपार्टमेंटमध्ये भांडी असतातच. भात पातेल्यात होतो, आईंना सांगा.

बाथरूमसाठी पिचकारीसारखी दाबायची बाटली मिळते, ती न्या, नाहीतर पाण्याची रिकामी बाटली. इटलीत बिडे, म्हणजे कमोडशेजारी धुण्यासाठीचं बेसिन, असतं, १९७५ च्या नियमाने घरात ते बसवावंच लागतं, त्यामुळे तिथे चिंता नाही. फ्रान्स-स्वित्झर्लंडला बाटली. स्टेशनवर आत जायचेच पैसे पडतात, तेव्हा सुटी नाणी आईंच्या पर्समध्ये वेगळी ठेवा.