आधी नळ्यांकडे बघा, मग पट्ट्यांकडे

मे महिन्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायब्राफोनचा (धातूच्या पट्ट्या काठ्यांनी वाजवायचं वाद्य; प्रत्येक पट्टीखाली तिच्याच सुराला जुळवलेली, आवाज वाढवणारी नळी असते) आवाज बसका येतो, पट्ट्या थकल्या असतील, बदलून घ्या, असं काही वादक सुचवतात. आवाज बसतो हे खरं, पण पट्ट्यांवर पैसे घालायची घाई करू नका. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा सूर उन्हाने किंचितच उतरतो. खरा फरक पडतो खालच्या नळ्यांत. २० अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४२ अंशाला साधारण ३५६. म्हणजे नळीचा सूर जवळपास ४ टक्के चढतो, अर्ध्या सेमीटोनहून (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) जास्त! पट्टी आणि नळी यांचे सूर जुळेनासे होतात. आवाज लहान होतो, गुंजन मात्र लांबतं, कारण नळी पट्टीची ताकद पूर्वीसारखी ओढून घेत नाही.

माझी खोली परभणीत, वर पत्रे. गेल्या उन्हाळ्यात एकच संथ तुकडा दुपारी तीनला आणि पहाटे पाचला वाजवून मित्रांना पाठवला. दुपारी नेहमीच्या सवयीने पेडल (दाबलं की सूर घुमत राहतो, सोडलं की थांबतो) सोडलं-दाबलं, तर मागचा सूर पुढच्यावर सांडायला लागला. शेवटी डाव्या हातातल्या मॅलेटने (वाजवायच्या काठीने) एकेक पट्टी दाबून थांबवावी लागली. पहाटे तेच पेडल बरोबर पडलं. सगळ्यात खालचा एफ हा सूर, ज्याची नळी जवळजवळ अर्धा मीटर लांब असते, तो तर अगदी पोटातून आला. तेव्हापासून रेकॉर्डिंग पाठवताना खोलीचं तापमानही लिहितो. लातूर-नांदेडकडच्या वादकांनीही लिहावं, म्हणजे एकमेकांचं पेडल ऐकताना चूक हाताची की हवेची ते कळेल.