हायड्रोजन साठवणारे मिश्रधातू : वजनाच्या टक्क्यांमागे किती धावायचं?

धातुवेडी : हायड्रोजन शोषून साठवणाऱ्या धातूंचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "वजनाच्या किती टक्के हायड्रोजन?" टायटॅनियम-लोह १.९ च्या आत, मॅग्नेशियम ७.६. झालं, सगळे मॅग्नेशियमच्या मागे! पण तो हायड्रोजन परत सोडवायला ३०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. गाडीसाठी वजन महत्त्वाचं, मान्य. एका जागी उभ्या असलेल्या साठ्याला त्याचं काय? तिथे टायटॅनियम-लोहच हवं. ७०० बारच्या, म्हणजे हवेच्या सुमारे ७०० पट दाबाच्या टाकीत घनमीटरला ४० किलो हायड्रोजन मावतो, या धातूत १०० च्या आसपास, तोही थोड्याशा दाबावर.

टाकीवाला : १०० हा अखंड स्फटिकाचा आकडा आहे. धातू हायड्रोजन पिऊन फुगतो, तडकतो, त्याची भुकटी होते. भुकटीतली पोकळी, फुगायला सोडलेली जागा, आतल्या नळ्या धरा, निम्मंही उरणार नाही. शिवाय किलोभर हायड्रोजन भरताना सुमारे १४ मेगाज्यूल उष्णता बाहेर पडते. पाच मिनिटांत भरायचा तर ४७ किलोवॅट उष्णता बाहेर काढणार कशी?

धातुवेडी : पाच मिनिटांची घाई कुणाला आहे? सौर विजेवर आठ तासांत भरा, किलोमागे अर्धा किलोवॅटही होत नाही. रात्री सोडवायला फ्युएल सेलची, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राची, वाया जाणारी उष्णता आहेच. जर्मनीच्या २१२ जातीच्या पाणबुड्या हायड्रोजन धातूतच बाळगतात. तिथे वजन आड आलं नाही.

भट्टीजवळचा : दोघंही खऱ्या अडचणीपाशी आला नाहीत. आम्ही टायटॅनियम-लोहाचे खडे भांड्यात भरून हायड्रोजन सोडला, रात्रभर दाबमापीचा काटा जागचा हलला नाही. पृष्ठभागावरची ऑक्साइडची साय हायड्रोजनला आत शिरू देत नाही. थोड्या लोहाच्या जागी मँगनीज घातलेला खडा घेतला, तर काही वेळाने काटा उतरू लागला आणि भांडं हाताला गरम लागलं. तो क्षण मी विसरणार नाही. मिश्रधातू घडवणं म्हणजे हेच. टक्के वाढवण्याआधी दार उघडायला हवं.

टाकीवाला : पटलं, पण अर्धंच. बाहेरचा हायड्रोजन तुमच्या सिलिंडरइतका शुद्ध नसतो, ओल आणि ऑक्सिजन येणारच. तसल्या वायूवर हजारदा भरून-उपसून किती क्षमता उरते, तो आलेख दाखवा. तोवर मी टाकीच घेईन.