पुस्तक मुलांनीच निवडायचं, पण निवडताच येत नसेल तर?

प्रश्न (वर्गशिक्षिका, इयत्ता सहावी)
आठवड्यातून एक तास अवांतर वाचनाला मिळतो. यंदा ठरवलं, पुस्तक मी हातात द्यायचं नाही, ज्याचं त्यानं घ्यायचं. बरीच मुलं खूश आहेत. पण काही जण कपाटासमोर नुसती उभी राहतात, शेवटी सगळ्यांत पातळ पुस्तक उचलतात आणि तास संपेपर्यंत पानं उलटत बसतात. एक मुलगा दर वेळी सापांचं तेच पुस्तक घेतो. मुख्याध्यापक म्हणतात, वाचल्याचा पुरावा म्हणून सारांश लिहून घ्या. माझं मन धजत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर (शालेय ग्रंथपाल)
ताई, सारांश नका मागू. सारांश लिहायचाय म्हटलं की मूल आवडीचं सोडून सोपं पुस्तक शोधायला लागतं.

कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी दिसतात, त्यावरून आत काय आहे ते मोठ्यांनाही कळत नाही. मी टेबलावर पंधरा-वीसच पुस्तकं मांडते, मुखपृष्ठ वर करून: भुताच्या गोष्टी, कोडी, चित्रकथा, प्राणी, विनोद. मागचा मजकूर वाचा, मधलंच एखादं पान उघडून बघा, एवढं सांगते. पानावर पाच-सहा शब्द अडले तर पुस्तक सध्या जड आहे. तरी विषयाचं वेड असेल तर घेऊ द्यावं, वेडापायी मुलं जड पुस्तकंही रेटतात.

आणि अर्ध्यावर सोडायची मुभा हवीच, नाहीतर निवडीला अर्थ काय? एक मुलगी चार पानं वाचून पुस्तक परत आणायची. मी रागावले नाही, विचारलं, "कुठे अडलीस?" म्हणाली, "गोष्ट सुरूच होत नाही, नुसता डोंगरच चाललाय." मग तिला पहिल्याच पानावर चोरी होते असं पुस्तक दिलं. मधल्या सुट्टीतही खाली ठेवेना!

भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हे दुसरं, 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हे तिसरं. तुमच्या सापांच्या पुस्तकाला त्याचा वाचक भेटलाय. त्याला सापांवरचंच आणखी एक शोधून द्या.

उत्तर (पालक)
बक्षीस मात्र ठेवू नका. मुलीच्या वर्गात पुस्तकामागे एक तारा मिळतो. ती आता गोष्टीबद्दल बोलतच नाही, फक्त तारे सांगते.

उत्तर (निवृत्त शिक्षक)
पालकांशी सहमत. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अवचित मिळालं, त्यांच्यात अशी घट दिसली नाही.

एक मात्र तपासा. पानं उलटणाऱ्यांपैकी कुणी अजून अक्षरं जुळवत वाचतंय का? तसं असेल तर नुसत्या निवडीनं भागणार नाही. शेजारी बसून वाचून दाखवा, पण पुस्तक त्यानंच निवडलेलं असू द्या.

प्रश्नकर्ती
दोघं तसे आहेत खरे, त्यांच्यासोबत बसते. एक वही ठेवू का, 'पूर्ण' आणि 'सोडलं' अशा रकान्यांची?

ग्रंथपाल
ठेवा, पण मुलांकडेच राहू द्या, तपासू नका. मुख्याध्यापकांना दाखवायला पुस्तकांच्या देवघेवीची नोंद पुरते.