सॅम रेबर्नवर विणीच्या तोंडावरचा बास कुठे शोधावा?

प्रेषक: एक सभासद, केटी

सप्रेम नमस्कार,

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तीन कुटुंबे मिळून पूर्व टेक्सासमधल्या सॅम रेबर्न तलावावर बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी जाणार आहोत. ह्यूस्टनच्या आसपासच्या लहान तळ्यांवर आम्ही नेहमी गळ टाकतो, त्यामुळे रॉड, रीळ आणि गाठी यांची सवय आहे. एवढ्या अफाट पाण्यात सुरुवात कुठून करायची, हे मात्र समजत नाही. १,१४,५०० एकरांचा तलाव नकाशावर पाहिला की प्रत्येक फाटा आणि प्रत्येक काठ सारखाच दिसतो. अंडी घालण्याआधीच्या दिवसांत बासची मादी सर्वांत वजनदार असते, असे ऐकून आहोत. ती कोणत्या भागात, किती खोलीवर आणि कोणत्या आमिषाला लागते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. गाबोळीने भरलेला मासा घरी आणावा की नाही, यावरही आमच्यात दोन मते आहेत. त्याबद्दलही आपले मत कळवावे.

आपला,
केटीचा एक सभासद

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, लफ्किन

नमस्कार,

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण वर्षातले हे पाच-सहा आठवडे मला सर्वांत प्रिय आहेत. तलाव अफाट आहे हे खरे, पण फेब्रुवारीत बास त्याच्या फार थोड्या भागात असतो. नकाशावर आधी दोन प्रकारच्या जागा शोधा. पहिली म्हणजे मासा जिथे थंडी काढतो ते ओढ्याच्या तोंडाजवळचे खोल पाणी, आणि दुसरी म्हणजे पुढे तो जिथे अंडी घालील ते ओढ्याच्या पोटातले, वाऱ्यापासून आडोसा असलेले उथळ पाणी. या दोन जागांना जोडणारी वाट तेवढी धुंडाळायची. बाकीचा तलाव या दिवसांत नसल्यातच जमा धरावा.

ही वाट तळाच्या रचनेवर ठरते. अँजेलिना नदीवर अमेरिकी लष्कराच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने बांधलेल्या या धरणात १९६५ साली पाणी अडले, आणि नदीला मिळणारे ओढेनाले आपापल्या पात्रांसह पाण्याखाली गेले. आयिश बायू, अटोयाक बायू, केनी क्रीक ही ओढ्यांची नावे नकाशावर आहेत, आणि त्यांची जुनी पात्रे तळाशी अजून शाबूत आहेत. मुख्य पात्राला मिळणाऱ्या लहान घळी तर दोन-तीन फूटच खोल असतात, पण आजूबाजूचे सपाट तळ आठ फुटांवर असताना दहा-अकरा फुटांची घळ माशाला पुरेशी होते. बास अशा घळीच्या कडेने वर सरकतो आणि वाटेत ठरावीक ठिकाणी मुक्काम करतो. काठाची सोंड जिथे पाण्यात उतरते आणि पात्र तिच्या अगदी जवळून वळते, ती जागा मुक्कामाची. तलावाच्या मुख्य भागात शिरणारी मोठी सोंड जानेवारीत कामाची असते. फेब्रुवारी सरत आली की ओढ्याच्या आत गेल्यावर लागणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या सोंडेकडे लक्ष द्यावे.

मासा वाटेवर कुठवर पोहोचला आहे, हे पाण्याचे तापमान सांगते. पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास आले की बास अंडी घालायला लागतो. टेक्सासमध्ये हे फेब्रुवारीपासून मेपर्यंत केव्हाही घडू शकते, आणि सगळे मासे एकाच वेळी विणीला येत नाहीत. पाणी पन्नाशीच्या आत असेल तर मासा अजून खोल पात्राजवळ सुस्त असेल असे समजावे. पन्नाशी ओलांडून ते ५७-५८ पर्यंत चढत असते, तेव्हा या हंगामाचे सर्वोत्तम दिवस येतात. माझा भर मात्र आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने सरकतो आहे, यावर असतो. तीन दिवस दक्षिणेचा वारा, रात्री ऊबदार आणि पाणी ५१ वरून ५५ वर आलेले, हे मला ५८ वरून ५५ वर उतरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक आशेचे वाटते, जरी यंत्रावर दिसणारा आकडा दोन्ही दिवशी सारखाच असला तरी.

उत्तर काठाचे आडोसे आधी तापतात, कारण उत्तरेचा गार वारा त्यांना लागत नाही आणि दिवसभर ऊन मिळते. याच कारणाने या दिवसांत पहाटे चारला उठून धावपळ करू नये. निरभ्र दिवशी दुपारी दोननंतर उथळ पाणी सकाळपेक्षा तीन-चार अंशांनी वर गेलेले असते, आणि सकाळी एकही मासा न दिलेली जागा तेव्हा जागी होते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांच्या दृष्टीने तर ही मोठी सोय आहे.

आता रेबर्नची खरी खूण, म्हणजे हायड्रिला. ही पाणवनस्पती मूळची आपल्या आशियातली आहे आणि भारतातल्या तळ्यांतही आढळते. इकडे ती गेल्या शतकाच्या मध्यात फ्लोरिडामार्गे, मत्स्यालयांच्या व्यापारातून आली. हिवाळ्यात तिचा वरचा भाग झडतो आणि तळाशी दोन-तीन फूट उंचीची हिरवी झुडपी पाती तेवढी उरते. पाच ते दहा फुटांच्या पाण्यात अशी जिवंत, हिरवी पाती आणि तिला चिरत जाणारी घळ एकत्र सापडली की बाकी काही शोधू नये. सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या यंत्रावर, ही पाती स्पष्ट दिसते. सोनार नसेल, तर आमिषाला अडकून वर येणारे तुकडे बघावेत. तपकिरी, चिकट, हाताला कुजट वास येणारे तुकडे येऊ लागले तर तिथून पुढे सरकावे. करकरीत हिरवे, बोटांत धरल्यावर खरखरणारे तुकडे आले तर तिथेच थांबावे.

आमिषाबद्दल माझे मत ठाम आहे. अर्ध्या औंसाचे, लाल क्रॉफिशच्या (गोड्या पाण्यातल्या, नांग्या असलेल्या झिंग्यासारख्या जिवाच्या) रंगाचे लिपलेस क्रँकबेट (पुढे ओठासारखी पट्टी नसलेले, माशाच्या आकाराचे नकली आमिष), म्हणजे इथले लोक सरसकट ज्याला रॅट-एल-ट्रॅप म्हणतात ते, या तलावावर या दिवसांत पहिले बांधावे. पाणी ऊबदार होऊ लागले की क्रॉफिश बिळांतून बाहेर येतात, आणि अंडी पोसणारी मादी त्यांच्यावर तुटून पडते. पकडलेला मासा थोडा वेळ बोटीच्या पाण्याच्या टाकीत ठेवला, तर टाकीच्या तळाशी त्याने ओकलेल्या लालसर नांग्या पडलेल्या दिसतात. रंग कोणता निवडावा, याचे उत्तर तिथेच मिळते.

हे आमिष नुसते गुंडाळत आणू नये. लांब फेकून ते पातीच्या शेंड्यांना घासेल इतके खाली जाऊ द्यावे आणि मग सावकाश गुंडाळावे. मध्येच ते पातीत अडकते, दोरी जड होते, आणि नवशिक्याला वाटते की फेक वाया गेली. त्या क्षणी रॉडला एक झटका देऊन आमिष पातीतून फाडून काढावे आणि लगेच दोरी किंचित सैल सोडावी, म्हणजे ते थरथरत खाली पडू लागते. दहांतले आठ मासे त्या पडण्यातच तोंड लावतात. दणका बसेल अशी वाट पाहू नये. पुष्कळदा दोरी फक्त थोडी बाजूला सरकते किंवा पुन्हा पाती अडकल्यासारखी जड होते. यासाठी फार ताठ रॉड नको, कारण ताठ रॉडने झटका दिला की गळाचे आकडे माशाच्या तोंडातून निसटतात. दोरी पंधरा ते सतरा पौंडांचा ताण सोसणारी, फ्लुरोकार्बनची असावी.

उत्तरेचा थंड झोत येऊन गेला की दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ निळे असते आणि तलाव मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी मासा मागे परतून थेट तलावाच्या मध्यभागी जात नाही. तो त्याच घळीच्या जवळच्या खोल काठावर उतरतो आणि तोंड मिटून बसतो. तेव्हा जागा बदलण्याऐवजी गती बदलावी. कॅरोलिना रिगला, म्हणजे वजन पुढे आणि आमिष मागे असलेल्या बांधणीला, लांब दोरा जोडून ती तळाला घासत न्यावी, किंवा जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी चालवायचे लांबट नकली आमिष, दोन झटके देऊन दहा सेकंद स्थिर ठेवावे. कंटाळा येतो, पण त्या दहा सेकंदांतच मासा लागतो.

गाबोळीच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: मोठी मादी सोडून द्यावी. नियम काय सांगतो ते आधी पाहू. टेक्सासच्या सर्वसाधारण नियमानुसार १४ इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ बास ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचच मासे ठेवता येतात. मादीला वेगळे संरक्षण नाही. त्यामुळे ठेवली तर गुन्हा होत नाही. पण आठ-नऊ पौंडांची मादी व्हायला पुष्कळ वर्षे लागतात, आणि तलावाला तिची अंडी हवी आहेत. १३ पौंडांच्या वरची मादी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात मिळाली, तर राज्याच्या शेअरलंकर कार्यक्रमाला कळवावे. ते लोक येऊन तिला टेक्सासमधल्याच अथेन्स गावच्या मत्स्यबीज केंद्रात नेतात आणि तिची पिल्ले टेक्सासच्या तलावांत सोडतात. हा उपक्रम १९८६ पासून चालू आहे, आणि इथल्या मोठ्या माशांमागे त्याचा वाटा आहे असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण आरोग्याचे आहे. या तलावातल्या बासमध्ये पारा आढळल्यामुळे राज्याच्या आरोग्य विभागाने तो किती खावा याविषयी सूचना दिलेली आहे. पारा मोठ्या, म्हाताऱ्या, शिकारी माशांत सर्वाधिक साठतो. घरात लहान मुले किंवा गरोदर बाई असेल तर ती सूचना वाचल्याशिवाय मासा कढईत टाकू नये. आपल्याला गाबोळीची आवड असते, मलाही आहे, पण ती बाजारातल्या समुद्री मासळीची आणावी.

सोडताना हात ओले करावेत, मासा जबड्याला धरून आडवा लोंबू देऊ नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा आणि फोटो आधीच ठरवून ठेवून तो लगेच पाण्यात सोडावा.

सुरक्षिततेचे थोडक्यात: पाण्याखाली उभी झाडे आणि खुंट आहेत, म्हणून वेगात जाताना खुणा केलेल्या बोटमार्गातूनच जावे. इंजिन बंद करणारी दोरी चालकाने अंगाला लावलेली असावी. तो कायदाच आहे. तेरा वर्षांखालील मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे, आणि मोठ्यांनीही घालावे, कारण ५२ अंशांच्या पाण्यात पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर आखडतात. परतताना बोटीतले सगळे पाणी काढून टाकावे आणि ट्रेलरला चिकटलेले गवत वेचावे, नाहीतर हायड्रिला आणि साल्विनियासारख्या पाणवनस्पती तुमच्याबरोबर पुढच्या तलावात जातात.

आपला,
लफ्किनचा काका

प्रेषक: एक सभासद, ब्यूमाँट

काका, नमस्कार,

आपले पत्र जपून ठेवले आहे. एका बाबतीत मात्र माझे निरीक्षण वेगळे आहे आणि ते इथे मांडणे मला आवश्यक वाटते. मी कयाक या वल्ह्याच्या छोट्या होडीतून गळ टाकते, त्यामुळे मोठ्या बोटी जात नाहीत अशा ओढ्यांच्या शेवटच्या टोकांत माझा वेळ जातो. तलावाची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून १६४.४ फूट धरली जाते. हिवाळ्यात पाऊस चांगला होऊन पाणी त्याच्या दोन-तीन फूट वर गेले की काठावरची झुडपे आणि विलो पाण्यात येतात, आणि त्या वर्षी पाणी ५४ अंशांवर असतानाच मोठ्या माद्या तिथे आलेल्या मी पाहिल्या आहेत. तेव्हा हायड्रिलाच्या रेषेवर दिवस घालवणे मला पटत नाही. पाणी गढूळ असेल तर ते लवकर तापते, हेही त्यामागचे एक कारण असावे. अशा जागी मी काळा-निळा जिग (वजनी डोक्याचे आमिष) किंवा हलका स्पिनरबेट (फिरत्या पात्याचे आमिष) झुडपाच्या मुळाशी टाकते आणि दोरी जाड, वीस पौंडांची ठेवते.

केटीच्या मंडळींना माझे सांगणे इतकेच, की निघण्याच्या आदल्या दिवशी आर्मी कोअरच्या संकेतस्थळावर पातळी बघावी आणि मगच आराखडा ठरवावा. तुमच्यापैकी काहीजण काठावरूनच गळ टाकणार असतील, तर पुलाच्या आणि धरणाच्या भरावाचे दगड विसरू नका. ऊन पडले की दगड तापतात, क्रॉफिश त्यांच्यातच असतात, आणि बोटीशिवायही मोठा मासा मिळू शकतो.

आपली,
ब्यूमाँटची एक सभासद

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, लफ्किन

ताई, नमस्कार,

आपले म्हणणे बरोबर आहे, आणि मी पातळीचा उल्लेखच केला नव्हता. त्यात एवढीच भर घालतो: पाणी चढून किती दिवस झाले आणि ते कोणत्या पावसाने चढले, हे पाहावे. दक्षिणेच्या ऊबदार पावसाने चढून आठवडाभर टिकलेले पाणी माशाला झुडपांत आणते. थंड झोताबरोबर आलेल्या पावसाने कालच चढलेले, मातकट आणि गार पाणी मात्र त्याला बाहेर ढकलते. तेव्हा तो ओढ्याच्या मध्यावरच्या सोंडेवर, घळीच्या कडेला, स्वच्छ आणि गढूळ पाणी मिळते तिथे थांबतो. पातळी उतरू लागली असेल तर झुडपे सर्वांत आधी रिकामी होतात.

केटीकरांनी गुरुवारी संध्याकाळी पातळी, पाण्याचे तापमान आणि त्याआधीच्या तीन रात्रींचे हवामान इथे लिहावे. ओढ्याच्या शेवटच्या टोकातून सुरुवात करायची की मधल्या सोंडेवरून, ते त्यानंतर सांगता येईल.

आपला,
लफ्किनचा काका