मारबतीची छायाचित्रे आणि आपला हक्क

सप्रेम नमस्कार,

यंदा पोळ्याला मी नागपुरात आहे आणि मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीची छायाचित्रे मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काढावीत, असा विचार आहे. मात्र गेल्या खेपेस इतवारीत एका पोलीस कर्मचाऱ्याने माझी सगळी छायाचित्रे जागेवरच पुसायला लावली. रस्त्यावर कॅमेरा काढायला परवानगी लागते का?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्यावर अन्याय झाला, असे मला स्पष्टपणे वाटते. सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदा भारतात नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण जप्तीची रीतसर नोंद करावी लागते. छायाचित्रे पुसायला लावणे ही जप्ती नव्हे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चा धाकही अनेकदा दाखवला जातो. परंतु वर्धा पोलीस ठाण्यातील चित्रीकरणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले, की त्या कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाणां’च्या व्याख्येत पोलीस ठाणे येतच नाही. सीताबर्डीचा किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात आहे; तिथे विचारल्यावाचून कॅमेरा काढू नये.

हक्काची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या निकालात, ज्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठावर आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते, माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असे नमूद आहे. म्हणून गर्दीचे दृश्य खुशाल टिपावे; पण एकाच व्यक्तीचा, विशेषतः लहान मुलाचा, चेहरा अंकात छापायचा असेल तर त्या व्यक्तीची, मुलाच्या बाबतीत पालकांची, संमती घ्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार दीक्षाभूमीच्या स्तूपासारख्या वास्तूचे किंवा सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र छापल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. मारबत आणि बडगे (मिरवणुकीतले इतर पुतळे) तर मिरवणुकीनंतर जाळले जातात, त्यामुळे त्यांना कायमस्वरूपी म्हणता येत नाही. तेव्हा कारागिराची परवानगी घ्यावी आणि छायाचित्राखाली त्याचे नाव अवश्य छापावे.

सप्रेम नमस्कार,

मनःपूर्वक आभार. मिरवणुकीच्या आदल्या दिवशीच कारागिरांना भेटून त्यांची संमती आणि नावे लिहून घेते. संपादकांनी छायाचित्रांखाली त्या नावांसाठी जागा ठेवावी, ही विनंती.